पेटीवरची चिठ्ठी

माझ्या नातीला शाळेत आजी-आजोबांवर चार वाक्यं बोलायची होती. घरी येऊन तिनं विचारलं, "आजी, तू ऑफिसात काय करायचीस?"

मी म्हटलं, "दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामबद्दल कॉम्प्युटरला खरं काय ते सांगायचे."

"आणि तू खरं सांगायचीस?"

मी तिला माझा चहाचा कप आत ठेवून यायला सांगितलं. वर्गात तिनं काय सांगितलं ते मला तिच्या बाईंकडून कळलं: आजी कॉम्प्युटरमध्ये होती, आता दुपारी झोपते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं होतं, आणि अंकासाठी लेख मागायला संपादकांचा फोन आला तेव्हा ते पुन्हा समोर आलं.

काम साधं आहे, नाव तेवढं अवघड. तुम्ही मोबाइलवर फॉर्म भरता. वयाच्या जागी 'ठीक आहे' असं लिहिलंत तर फॉर्म पुढे सरकत नाही. ही तपासणी करणारा प्रोग्राम दर वेळी कोणी नव्यानं लिहीत बसत नाही. कुणीतरी एकदा नीट लिहून सगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला असतो आणि जगभरचे लोक तो उचलून वापरतात. त्याला व्हॅलिडेशनची लायब्ररी म्हणतात. तिच्यातून तपासून जी माहिती बाहेर पडते, ती कशी असेल हे पुढच्या प्रोग्रामला कळावं लागतं: इथं आकडा असेल, इथं अक्षरं असतील, इथं 'हो' किंवा 'नाही' असेल. हे सांगणारी फाइल वेगळी असते. तिला टाइप डेफिनिशन म्हणतात, आम्ही नुसतं 'टाइप्स' म्हणायचो. लायब्ररी लिहिणारा एक असतो आणि पुष्कळदा तिचे टाइप्स लिहिणारा दुसराच.

माझे बाबा काटोलच्या संत्राबाजारात हेच काम करायचे. बाया संत्री निवडून पेट्या भरायच्या आणि बाबा पेटीवर चिठ्ठी लावायचे: माल कुठला, फळ केवढं, डझन किती. त्यांना अक्षर चांगलं होतं म्हणून हे काम मिळालं होतं. लांबच्या शहरातला घेणारा ती चिठ्ठी वाचून माल उचलायचा, पेटी उघडून पाहायचा नाही. बाबा मात्र चिठ्ठी लावायच्या आधी झाकण उचलून, वरचा थर बाजूला सारून, तळाची संत्री बघायचे. व्यापारी ओरडायचा, "काहून वेळ लावून राहिला गा? गाडी उभी हाय!" बाबा म्हणायचे, "चिठ्ठीवर अक्षर माझं हाय."

कॉम्प्युटरही तसाच. तो चिठ्ठी वाचतो, पेटी उघडत नाही.

हे सगळं मी बाजारात फ्रॉक घालून पाहिलेलं होतं. तरी पुढे जे केलं ते केलं.

त्या वेळी मी तरुण होते, म्हणजे पंचावन्नची. नोकरीचा सगळा इतिहास सांगत नाही, तो माझ्या सुनेला पाठ आहे आणि ती तो पाहुण्यांना माझ्याच आवाजात ऐकवते. रामदासपेठेत एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस होतं. डोळ्यांत औषध घातलेली माणसं जिना चुकून वर यायची आणि आमच्या खुर्च्यांवर डोळे मिटून बसायची. सगळे मला काकू म्हणायचे. काकूंच्या गळ्यात चष्म्याची साखळी, हातात कटिंग आणि डोक्यात हवा. एका परदेशी लायब्ररीला टाइप्स नव्हते, ते मी लिहिले आणि सगळ्यांसाठी मोकळे ठेवले. लोक ते घेऊ लागले. किती जणांनी घेतले याचा आकडा रोज दिसायचा. सकाळी उठून मी आधी तो आकडा बघायचे आणि मग कुकर लावायचे. आकडा वाढला की वरणाला फोडणी सढळ पडायची.

फरहाना माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण दहा वर्षांनी शहाणी. तिचं मी ऐकायचे नाही.

एक नमुना सांगते म्हणजे तेव्हाची मी कशी होते ते कळेल. एका आरोग्यकेंद्राचे कारकून आमच्याकडे फॉर्म शिकायला आले होते. म्हणाले, "ताई, म्हाताऱ्याले वय विचारलं त तो म्हणते, धरण बांधून राहिले होते तवा मी शेळ्या चारायचो. आता इथं काय टाकू?"

"आकडा टाका," मी म्हटलं.

"माहीत नाही असं टाकता येत नाही का?"

"नाही. वय म्हणजे आकडा."

महिनाभरानं पाहिलं तर त्यांच्या भागात नव्व्याण्णव वर्षांची माणसं भरपूर निघाली. मी नव्व्याण्णव आकडा बंद करून टाकला. पुढच्या महिन्यात सगळी अठ्ठ्याण्णवची झाली. हा किस्सा मी बरेच दिवस लोकांना हसून सांगायचे आणि हसायचे ते त्या कारकुनांना. त्या बिचाऱ्यांना खोटं लिहायचं नव्हतं. खरं लिहायला मी जागाच ठेवली नव्हती.

त्यानंतर आमच्याकडे सिकलसेलचं काम आलं. आमच्या भागात हा शब्द घरोघरी माहीत आहे, बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडून दोष आला तर मूल आजारी पडतं, आणि ते दुखणं बघवत नाही. एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत असतो, नुसता वाहक असतो. पण दोन वाहकांचं लग्न झालं की प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक अशी टांगती तलवार. म्हणून लग्नाआधी रक्त तपासून घ्यायचं. आमच्या घरात छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून पत्रिका पाहणं बंद आहे. शेजारपाजारच्या कित्येक घरांत तसंच. पण रक्ततपासणीचं कार्ड आता सगळे पाहतात.

शिबिरं घेणारी एक संस्था होती, तिच्यासाठी आम्ही प्रोग्राम केला. शिबिरात बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पहिली चाचणी व्हायची. ती साफ निघाली तर तिथंच 'नाही' लिहून व्हायचं. संशय आला तर रक्त शहरातल्या प्रयोगशाळेत जायचं आणि काही आठवड्यांनी तिथून उत्तर यायचं: दोष आहे, हो किंवा नाही. महिन्याच्या शेवटी कार्डं छापली जायची. वाहकाला पिवळं, दोष नसलेल्याला पांढरं.

आता माझी चिठ्ठी. उत्तर यायला आठवडे लागणार, म्हणून फॉर्ममध्ये ती जागा रिकामी सोडायची सोय होती. लायब्ररी रिकामी जागा रिकामीच पुढे पाठवायची, त्यात तिची काही चूक नव्हती. चूक माझ्या टाइप्समध्ये होती. मी तिथं लिहिलं होतं: इथून 'हो' किंवा 'नाही' येईल. 'काहीच येणार नाही' ही तिसरी शक्यता मी लिहिलीच नव्हती. ती नीट लिहायची तर दोन दिवस डोकं घालावं लागलं असतं. मी दोन मिनिटांत मोकळी झाले.

आणि मला कुणी सांगितलं नाही असं नाही. कुठल्याशा थंड देशातल्या एका माणसानं मला संदेश पाठवला होता. अगदी नम्र. 'बाई, तुमचे टाइप्स उपयोगी आहेत. फक्त या ठिकाणी उत्तर रिकामंही येऊ शकतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. दुरुस्त कराल का?'

मी बदल करून पाहिला. आमच्याच प्रोग्राममध्ये त्रेचाळीस ठिकाणी लाल रेघा उमटल्या. म्हणजे त्रेचाळीस जागी कॉम्प्युटर विचारत होता, उत्तर आलंच नाही तर काय करू? सोमवारी काम द्यायचं होतं. मी बदल मागे घेतला. लाल रेघा गेल्या. पडदा कसा स्वच्छ दिसायला लागला.

फरहाना म्हणाली, "काकू, तो बरोबर बोलून राहिला. एकदा बघून तर घ्या."

"त्याले काय जाते बोलायले? सोमवार त्याचा नाही, माझा हाय."

आणि त्या सज्जन माणसाला मी उत्तर पाठवलं: 'कृपया लायब्ररीची माहितीपुस्तिका वाचावी.' वर त्याची तक्रार निकाली काढली म्हणून बंदही करून टाकली. बटण दाबताना किती बरं वाटलं होतं ते मला अजून आठवतं.

चार-पाच महिन्यांनी एक दिवस अकराच्या सुमाराला ऑफिसात एक गृहस्थ आले. मला वाटलं खालच्या दवाखान्यातले असतील, म्हणून मी खुर्ची दाखवली. ते बसले नाहीत. पिशवीतून पेढ्यांचा डबा काढून टेबलावर ठेवला.

"मी वामनराव. खापरखेड्याले असतो, पॉवर हाऊसच्या कॉलनीत. कार्डं इथंच बनतात ना, ताई?"

त्यांच्या मुलीचं, सुजाताचं, लग्न ठरलं होतं. साखरपुडा येत्या रविवारी. मुलगा चांगला होता, सरळ होता, त्यानं आपलं पिवळं कार्ड पहिल्याच भेटीत पुढे ठेवलं होतं. त्याच्या घरचे म्हणूनच पांढऱ्या कार्डाची मुलगी शोधत होते. वामनरावांचा मुलगा विकास याच आजारानं सोळाव्या वर्षी गेला होता. म्हणजे हे नवरा-बायको दोघंही वाहक. सुजाताच्या पहिल्या चाचणीत संशय आला तेव्हा त्यांनी आशा सोडली होती. आणि मग पांढरं कार्ड आलं.

"आमच्या घरात पहिल्यांदा पांढरं कार्ड आलं, ताई. तिच्या मायनं ते इकासच्या फोटोजवळ ठेवलं. आता मुलाकडचे म्हणतात एक प्रत आमच्याकडेही असू द्या. तेवढी काढून द्या न."

मी मोठ्या ऐटीत चष्मा डोळ्यांवर चढवला. हा माझा प्रोग्राम, हे माझे टाइप्स, आणि हे पेढे. नंबर टाकला. सुजाताची नोंद उघडली. पहिली चाचणी: संशयित. रक्त प्रयोगशाळेत पाठवलं: हो. प्रयोगशाळेचा अहवाल:

पुढे काही नव्हतं.

मी पुन्हा उघडून पाहिलं. जागा रिकामीच. मग कार्ड छापणारा भाग काढला, जो मीच लिहिला होता. तिथं एकच ओळ होती: उत्तर 'हो' असेल तर पिवळं, नाहीतर पांढरं. रिकामं उत्तर 'हो' नव्हतं. म्हणून पांढरं.

वामनराव माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी म्हटलं, "प्रिंटर बिघडलाय. उद्या मीच पाठवते."

प्रिंटर माझ्या मागेच होता आणि फरहाना त्यावर काहीतरी छापत होती. वामनरावांनी एकदा प्रिंटरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पिशवी उचलून गेले. टाइप्सची चूक आळसातून झाली होती. हे खोटं मी डोळ्यांत डोळे घालून बोलले. त्याची लाज मला जास्त वाटते.

प्रयोगशाळेत फोन लावला. अहवाल तिथं तीन आठवडे तयार पडला होता. सुजाता वाहक होती.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "संस्थेला कळवू, ते कळवतील." सरळ मार्ग तोच होता. पण संस्थेचं पत्र निघेपर्यंत रविवार उलटून गेला असता. फरहानानं माझी पर्स माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "काकू, बस पकडा." दुसऱ्या दिवशी सकाळी मी खापरखेड्याच्या बसमध्ये होते. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. 'तांत्रिक अडचणीमुळे' असं एक वाक्य फारच छान जमलं होतं.

कॉलनीत घर शोधायला वेळ लागला नाही. दारात शेवग्याचं झाड, पानांवर राखेची बारीक पूड. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फळीवर विकासचा फोटो आणि त्याला टेकवून ते कार्ड. सुजाताच्या आईनं पाणी आणलं. मी कोण ते कळल्यावर ती हरखली, कार्डवाल्या मॅडम स्वतः प्रत घेऊन आल्या म्हणून.

जमवलेलं वाक्य मला बोलता आलं नाही. मी म्हटलं, "कार्ड चुकीचं आहे. अहवाल यायच्या आधीच छापलं गेलं. चूक माझी आहे. सुजाता वाहक आहे."

आई तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. वामनरावांनी आवाज अगदी खाली आणून विचारलं.

"ताई, हे कोणाकोणाले माहीत हाय?"

मी सांगितलं, प्रयोगशाळेला, आमच्या ऑफिसला.

"मुलाकडं नाही ना?"

"नाही."

"मंग कार्ड त पांढरंच हाय न." त्यांनी फळीकडे पाहिलं. "छापलेलं हाय, शिक्का हाय. चारात एक म्हणतात. तीन त चांगलेच निघतात न, ताई? आमचंच नशीब काहून दर वेळी..."

ते कार्ड त्यांच्या घरात मीच पाठवलं होतं.

सुजाता आतल्या दारात उभी होती. कधी आली ते कळलं नाही. शाळेत विज्ञान शिकवायची, हाताला खडू लागलेला होता. "बाबा," ती म्हणाली, "विकीले दवाखान्यात न्यायचे तवा रिक्षात त्याचे पाय कोण धरायचं?"

वामनरावांनी मान खाली घातली.

"तुम्हीच धरायचे न? तो म्हणायचा बाबा हात लावू नका, दुखते, अन् सोडूही नका म्हणायचा. मले नाही जमणार ते, बाबा."

आई भिंतीला टेकून खाली बसली. सुजातानं फोन घेतला आणि अंगणात जाऊन मुलाला स्वतः सांगितलं. आम्हाला फक्त तिची पाठ दिसत होती. फार वेळ बोलली नाही. आत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. फळीवरचं कार्ड उचलून तिनं माझ्या हातात दिलं.

"हे तुम्ही घेऊन जा, काकू. घरात राहिलं त कधी ना कधी कोणीतरी दाखवेल. मी नसताना दाखवेल."

वामनरावांनी मान वर केली नाही.

मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली. मला वाटलं आता रागावेल. तिनं अगदी वर्गात विचारावं तसं विचारलं, "तुमच्या त्या प्रोग्राममध्ये 'अजून माहीत नाही' असं लिहायची जागाच नव्हती का?"

"नव्हती," मी म्हटलं. "मी ठेवली नव्हती."

ऑफिसात येऊन आम्ही रिकाम्या जागेवर पांढरं कार्ड गेलेले सगळे शोधून काढले. सुजाता धरून बारा निघाले. संस्थेला कळवलं, पण अकरा फोन मी आणि फरहानानं मिळून केले. प्रत्येक घरी 'चूक माझी' हे वाक्य मीच बोलले, फरहानाला बोलू दिलं नाही. त्यातल्या चौघांचा अहवाल खरंच 'नाही' आला. हे ऐकून लोक म्हणतात, बघा, पांढरंच निघालं की. मी म्हणते, ते माझ्यामुळे नव्हे.

मग टाइप्समध्ये तिसरी शक्यता लिहिली. त्रेचाळीस लाल रेघा पुन्हा उमटल्या. एकेक सोडवायला पंधरा दिवस गेले. कार्ड छापायच्या ओळीशी मी अख्खी दुपार बसले. कॉम्प्युटर विचारत होता, उत्तर आलंच नसेल तर काय करू? शेवटी लिहिलं: छापू नको. त्या दूरच्या माणसाची बंद केलेली तक्रार उघडली आणि खाली लिहिलं, 'तुमचं बरोबर होतं. मी तेव्हा उद्धटपणे बोलले. माझे टाइप्स वापरणाऱ्यांनी आपापल्या रिकाम्या जागा तपासाव्यात.' त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. लिहिलं होतं, 'धन्यवाद. तुमचं सगळं ठीक आहे ना?' हे वाचून मी खाली जाऊन डोळ्यांच्या दवाखान्यात दहा मिनिटं बसले. तिथं डोळ्यांतून पाणी आलं तर कोणी विचारत नाही.

दोन वर्षांनी वामनराव पुन्हा आले. या वेळी पेढे नव्हते, लग्नाची निमंत्रणपत्रिका होती. मुलगा दुसरा होता, शिक्षकच होता. खुर्चीवर बसले, चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, "ताई, राग नका मानू. मुलाचं कार्ड पांढरं होतं, पण मी मानलं नाही. त्याले घेऊन प्रयोगशाळेत गेलो, पुन्हा रक्त द्यायले लावलं, कागद हातात येईपर्यंत तिथंच बसलो."

"राग कायचा?" मी म्हटलं. मला तेव्हा बाबा आठवत होते, झाकण उचलून वरचा थर बाजूला करणारे.

लग्नाला मी आणि फरहाना दोघी गेलो. पंगतीत सुजाता वाढायला आली. माझ्या पानात बुंदी वाढता वाढता हळूच म्हणाली, "काकू, ते कार्ड फाडलं न?"

"नाही. माझ्याकडे आहे."

तिनं आणखी थोडी बुंदी वाढली. "ठेवा मग. पण त्याच्यावर खरं ते लिहून ठेवा."

ते कार्ड माझ्या कपाटात आहे. परवा नातीनं ते शोधून काढलं आणि उलटसुलट करून पाहिलं. पुढच्या बाजूला छापील अक्षरात सुजाताचं नाव आहे आणि खाली 'दोष नाही' असं आहे. मागच्या बाजूला निळ्या बॉलपेननं एक ओळ आहे. ती वाचून नात म्हणाली, "आजी, हे अक्षर तुझं आहे."

मी म्हटलं, "हो. माझंच आहे."

कार्ड छापलं त्या दिवशी जे खरं होतं तेच त्या ओळीत लिहिलं आहे: अहवाल अजून आलेला नाही.